सहद्रावक परिणाम

पाण्यात मिसळणाऱ्या एखाद्या द्रावकामुळे, पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांची विद्राव्यता वाढून जमिनीतील व भूजलातील त्यांचे वहन जलद होते. यास सहद्रावक परिणाम म्हणतात. (येथे 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनी संयुगे, सेंद्रिय शेतीशी या शब्दाचा संबंध नाही.)

स्वरूप

नॅफ्थलीनसारखी संयुगे पाण्याशी जुळत नाहीत; ती मातीतील ह्यूमसला चिकटून राहतात. त्यामुळे भूजल पुढे जाते आणि प्रदूषक मागे रेंगाळतो. मंदन गुणांक १० असेल, तर प्रदूषकाचा वेग पाण्याच्या वेगाच्या एक दशांश असतो. मेथॅनॉल, इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन पाण्यात मिसळले की हे मिश्रण प्रदूषकाला अधिक सामावून घेते व मातीची पकड सुटते. ही वाढ सरळ प्रमाणात नसून घातांकी असते. एखाद्या प्रदूषकाची विद्राव्यता दर १० टक्के द्रावकामागे ४ पट वाढते असे धरल्यास २० टक्क्यांना ती १६ पट आणि ३० टक्क्यांना ६४ पट होते. याउलट द्रावक एक-दोन टक्क्यांहून कमी असल्यास परिणाम नगण्य असतो. म्हणून विरळ सांडपाण्यापेक्षा टाकीची गळती, सांडलेले पिंप किंवा पुरलेला ऊर्ध्वपातनाचा गाळ यांजवळ तो अधिक संभवतो.

डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म हे द्रावक स्वतःच प्रदूषक आहेत. पाण्यात फारसे न मिसळणारे व पाण्याहून जड असल्याने ते जलधराच्या तळाकडे उतरतात; टोल्युइन मात्र हलके असल्याने भूजलपातळीवर तरंगते. विहिरीच्या वरच्या थरातील एकच नमुना घेतल्यास जड द्रावक नजरेतून सुटू शकतात.

पालघर परिसर

पश्चिम रेल्वेवरील पालघर व बोईसर या स्थानकांच्या मधे उमरोळी आहे. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात औषधे, रंग व कीटकनाशके यांचे कारखाने असून अशा उद्योगांत द्रावकांचा वापर मोठा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. या वादात खाडी, समुद्र व मासेमारी यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. जमिनीखालील वहन सहज दिसत नसल्याने त्याची चर्चा मागे राहते.

येथील बेसाल्ट खडकातील भेगांत सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असल्याने प्रदूषकाला अडवणारे मुळातच थोडे असते. त्यावरील चिकणमाती साध्या पाण्याला चांगली थोपवते. परंतु संहत द्रावकाच्या संपर्कात ती आकसून तडकू शकते. म्हणून केवळ शुद्ध पाणी वापरून केलेल्या प्रयोगशाळेतील चाचणीवरून अशा ठिकाणी विहिरींचे सुरक्षित अंतर ठरवणे धोक्याचे आहे.

अन्य संदर्भ

इथेनॉलमिश्रित पेट्रोलची गळती झाल्यास सहद्रावक परिणाम बहुधा मर्यादित राहतो. तेथे अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे: जीवाणू प्रथम इथेनॉल फस्त करतात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन अविघटित राहून दूरवर पोहोचते.

हाच गुणधर्म शुद्धीकरणासाठीही वापरतात. अमेरिकेतील यूटा राज्यातील हिल हवाई तळावर १९९० च्या दशकात अल्कोहोलचे मिश्रण जमिनीत सोडून जुने तेलकट प्रदूषण धुऊन वर खेचण्याचा प्रयोग झाला. अशा वेळी सोडलेले सर्व मिश्रण परत उपसून घेता आले नाही, तर सुटे झालेले प्रदूषक भूजलाबरोबर पुढे जातात.