सार्डिनियाची सावकाश गाडी

हल्ली 'स्लो ट्रॅव्हल' हा शब्द वरचेवर कानावर पडतो. दहा दिवसांत सात देश बघून आलेली आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळीसुद्धा आता म्हणतात, एकाच गावात राहावं, छोट्या गाडीने फिरावं, तिथली माणसं खातात ते खावं. म्हणजे 'अस्सल' काहीतरी बघितल्यासारखं होतं. माझी काही हरकत नाही. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे आपोआपच स्लो ट्रॅव्हल करायला लावतात! पण तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. एखादी जागा संथ आहे असं कुणी म्हटलं की वाटतं, ती संथ कधीपासून आहे आणि कुणामुळे?

ही 'स्लो'ची कल्पना मूळची इटलीतली. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स आलं, त्याला कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला आणि त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. आधी जेवण सावकाश झालं, मग प्रवास. म्हणून उदाहरणही इटलीचंच घेऊ या, सार्डिनियाचं. भूमध्य समुद्रातलं सिसिलीच्या खालोखाल मोठं बेट, क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर.

सावकाश प्रवासाच्या भक्तांचं इथलं दैवत म्हणजे 'त्रेनिनो वेर्दे', हिरवी छोटी आगगाडी. मांदासपासून पूर्व किनाऱ्यावरच्या आर्बाताक्सपर्यंतचा तिचा मार्ग सुमारे १६० किलोमीटरचा, आणि तेवढ्याला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. आता ती पर्यटकांसाठी, ठरावीक दिवसांत आणि ठरावीक टप्प्यांवर धावते. गाडी डोंगराला वळसे घालत जाते, फोटो सुंदर येतात.

पण हे वळसे सौंदर्यासाठी घातलेले नाहीत. १८८०च्या दशकात बेटाच्या अंतर्भागात हे मार्ग बांधायला घेतले तेव्हा खर्च वाचवणं महत्त्वाचं होतं. म्हणून रुळांमधलं अंतर ९५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षाही कमी ठेवलं, आणि बोगदे-पूल कमी करून रूळ डोंगराच्या कडेकडेने नेले. सोर्गोनोपर्यंतची गाडी १८८९ मध्ये आली, आर्बाताक्सची १८९४ मध्ये. त्याच शतकात मुख्य भूमीवरून आलेल्या कंपन्यांनी सार्डिनियातली ओकची जंगलं कोळशासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी तोडली. लाकूड घाईघाईने बाहेर गेलं आणि सावकाश गाडी मागे उरली. आज खिडकीतून दिसणारे मोकळे डोंगर सगळेच काही मुळात मोकळे नव्हते.

या गाडीतून गेलेला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्स. जानेवारी १९२१ मध्ये तो आणि त्याची बायको फ्रीडा सिसिलीहून निघाले, काल्यारी बंदरात उतरले आणि मांदास, सोर्गोनो, नुओरो असं करत बेटाच्या उत्तरेला पोचले. त्या प्रवासावरचं 'सी अँड सार्डिनिया' हे पुस्तक त्याच वर्षी निघालं. मी ते निवृत्तीनंतर शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. तोही एक सावकाश प्रवासच म्हणायचा!

लॉरेन्सला आधुनिक युरोपचा स्पर्श न झालेली माणसं बघायची होती. आजच्या भाषेत अस्सल. गाडीतून दिसलेल्या सोर्गोनोवर तो खूश झाला. मग मुक्कामाची खाणावळ बघितली. मालकाचा शर्ट मळका, खोली तशीच, बाजूच्या गल्लीत लोक शौचाला बसलेले. तो इतका चिडला की शेवटी फ्रीडाने त्याला विचारलं, एवढं संतापायला झालंय काय? मला तिचा प्रश्न फार आवडला. ते गाव काही लॉरेन्ससाठी अस्सल राहिलेलं नव्हतं, ते फक्त गरीब होतं. त्याच रात्री तिथल्या चुलीपुढे एक म्हातारा बसून करडू भाजत होता, त्याचं वर्णन मात्र पुस्तकातल्या सुंदर पानांपैकी आहे. मळका शर्ट आणि ती चूल एकाच घरातली. एक हवी आणि दुसरा नको, असं प्रवाशाला वाटतं. तिथे राहणाऱ्याला निवड नसते.

आता थोडं आपल्याकडे येऊ. पुण्याचा आगाखान पॅलेस माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. कस्तुरबांचं तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला निधन झालं. शाळेच्या सहलीत मुलांना तिथे नेलं की आवाज आपोआप खाली यायचे. ती वास्तू १९६९ मध्ये भारताला देणारे प्रिन्स करीम आगाखान (यांचं २०२५ मध्ये निधन झालं) यांनीच १९६२ पासून सार्डिनियाच्या ईशान्य किनाऱ्यावर 'कोस्टा स्मेराल्दा' हे श्रीमंतांचं पर्यटनस्थळ उभारलं. त्याआधी १९४६ ते १९५० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डीडीटी फवारून बेटावरचा मलेरिया घालवला गेला होता. तो गेला नसता तर त्या किनाऱ्यावर मुक्कामाला कोण जाणार होतं? तिथलं पोर्तो चेर्वो हे गाव वास्तुविशारदांनी मुद्दाम जुन्या भूमध्य खेड्यासारखं दिसेल असं आखलं. उंच इमारती नाहीत, दगड-रंग मातीशी जुळणारे. दिसायला देखणं, रोजगारही आला. पण गंमत बघा, सोर्गोनो खरंच जुनं होतं तर पाहुणा चिडला, आणि नवं बांधलेलं जुनं गाव पाहुण्यांना पसंत पडलं.

त्याच १९६९ साली बेटाच्या आत वेगळंच घडत होतं. नुओरोजवळच्या ओर्गोसोलो गावाची प्रातोबेल्लो नावाची सामायिक कुरणं सैन्याला गोळीबाराच्या सरावासाठी हवी होती. जूनमध्ये गावातले हजारो लोक, बायका-मुलांसकट, कुरणांवर जाऊन बसले आणि सैन्याला बेत सोडावा लागला. पुढे १९७५ मध्ये त्या गावच्या शाळेतल्या फ्रांचेस्को देल कासिनो या चित्रकला शिक्षकाने मुलांना घेऊन गावच्या भिंती रंगवायला सुरुवात केली. निमित्त होतं फॅसिझमपासून मुक्ततेच्या तीसाव्या वर्षाचं. आज तिथे भिंतीभिंतीवर चित्रं आहेत. कुरणं, युद्धं, मजूर, मेंढपाळ, आणि सोबत लिहिलेला मजकूर. एका शिक्षकाने हे सुरू केलं याचा मला, उगाच का होईना, अभिमान वाटतो.

आता प्रवाशांच्या बसगाड्या तिथेही थांबतात. लोक उतरतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. मला वाटतं, सावकाश प्रवास म्हणजे गाडीचा वेग कमी असणं नव्हे. जिथे जातो तिथल्या माणसांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते वाचायला थांबणं, एवढंच. ओर्गोसोलोच्या लोकांनी ते भिंतीवरच लिहिलंय. इटालियन येत नसेल तर कुणाला तरी विचारावं लागेल. विचारावं. सांगायला माणूस थांबला, तर तेवढा वेळ आपणही थांबावं.