पटावर पाऊस पाडायचा तर

इतिहासातील मोहिमा पटावर खेळण्याचे जे खेळ मिळतात, त्यांपैकी बऱ्याच खेळांत हवामानाची सोय एकाच पद्धतीने केलेली असते. डावाच्या आरंभी फासा टाकायचा. एक पडला तर पाऊस, आणि पाऊस आला की दोन्ही बाजूंचा वेग निम्मा. पुढच्या डावाला पुन्हा फासा. सातवी-आठवीच्या मुलांसाठी १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धावर असा एक खेळ तयार करायला आम्ही काही शिक्षक बसलो, तेव्हा हा नियम सोपा म्हणून लगेच पुढे आला. पण दोघांचीही अडचण सारखीच असेल तर डावात फरक काय पडला? तो फक्त लांबला. पाऊस सगळ्यांवर सारखा पडत असेल, पण तो सगळ्यांना सारखा अडवतो का, हा खरा प्रश्न आहे.

युद्धाच्या खेळांत हवामान मुळातच उशिरा आले. बुद्धिबळात हत्ती, घोडा, उंट, प्यादी सारे आहे. पण पटाची चौसष्ट घरे सपाट आणि कोरडी. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे गणित शिकवणाऱ्या हेल्विग यांनी १७८० साली बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात घरांना रंग देऊन पाणी, डोंगर, दलदल दाखवली होती. म्हणजे पटावर भूगोल आला तो एका शिक्षकामुळे, ही आपल्या व्यवसायाला सुखावणारी गोष्ट! पुढे प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी राइसवित्स यांनी १८२४ मध्ये घरे काढून टाकली आणि १:८००० प्रमाणाच्या खऱ्या नकाशावर खेळ मांडला. प्रशियाच्या सैन्यात तो शिक्षणासाठी वापरला गेला. त्यात एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. दोन मिनिटांत ऋतू बदलत नाही, नदी चढत नाही आणि गवतही वाळत नाही. तेव्हा ऋतू पटावर आणायचा असेल तर आधी डावाचा काळ लांबवावा लागतो.

आम्ही एका डावाला एक नक्षत्र हा काळ धरला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी पावसाची नक्षत्रे प्रत्येकी साडेतेरा दिवसांच्या आसपास असतात, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ती पाठ असतात. सैन्याची एक बऱ्यापैकी मजल आणि पिकाची एक अवस्था दोन्ही एवढ्या काळात बसतात.

ऋतू आणि युद्ध म्हटले की पहिले नाव येते ते नेपोलियनच्या १८१२ च्या रशियन मोहिमेचे. रशियाच्या थंडीने नेपोलियनला हरवले, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून आपण सर्वांनीच शिकवलेले आहे. फ्रेंच अभियंता मिनार याने १८६९ साली काढलेला या मोहिमेचा नकाशा मात्र वेगळे सांगतो. नेमान नदी ओलांडताना ४ लाख २२ हजार माणसे, मॉस्कोला पोहोचताना १ लाख, परत आली ती १० हजार. मधल्या काही तुकड्या वाटेत मागे ठेवलेल्या होत्या. तरीही नकाशावरचा जाड पट्टा सर्वांत जास्त बारीक होतो तो जाताना, म्हणजे उन्हाळ्यात. उष्मा, आजार, पळून जाणे आणि चाऱ्याचा अभाव ही त्याची कारणे. जूनअखेरच्या वादळी पावसात हजारो घोडे मेले. मिनारने परतीच्या वाटेखाली तापमानही दिले आहे. ते रोमर मापकातले आहे, म्हणून त्यातील उणे ३० म्हणजे सेल्सिअसचे उणे साडेसदतीस. (हे रूपांतर विज्ञानाच्या तासाला जरूर द्यावे.) आणि नोव्हेंबरच्या शेवटी बेरेझिना नदीपाशी जे झाले ते तर फाशाच्या नियमाला पुरते चकवणारे आहे. थंडी थोडी कमी झाली आणि बर्फ वितळले. गोठलेली नदी पायी ओलांडता आली असती, वाहत्या नदीवर पूल बांधावे लागले. तरते पूल उभारण्याचे सामान तर थोडेच दिवस आधी ओर्शा येथे जाळून टाकले होते. म्हणजे ऊब हेच तिथे संकट ठरले.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन ही मराठी फौजेची रीत होती. शिवाजीमहाराजांचे लष्कर पावसाळ्याचे महिने आपल्या मुलखात राही आणि दसऱ्याला बाहेर पडे, असे सभासदाच्या बखरीत आहे. यामागे नुसती परंपरा नव्हती. घोडदळाचा जोर वेगात, आणि ते नदी ओलांडते ते उतारावरून. उतार बुडाले की वेग संपला.

आर्थर वेलस्ली याने ही गोष्ट १८०० साली धोंडी वाघाचा पाठलाग करताना नीट पाहून ठेवली होती. मराठ्यांशी युद्ध करायचे तर ते नद्या भरलेल्या असताना सुरू करावे, असे त्याने युद्धाआधीच टिपणात लिहिले. कारण सरळ होते. भरलेली नदी ही घोडदळाला भिंत. पण ज्याच्याजवळ होड्या आहेत त्याला ती वाट आणि शिवाय पाठीमागची तटबंदी. वेताच्या टोपलीवर कातडे मढवलेल्या गोल होड्यांची तयारी त्याने ठेवली. ६ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने युद्ध पुकारले, ८ तारखेला अहमदनगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला शरण आला आणि महिना संपण्याआधी गोदावरी ओलांडून तो औरंगाबादला पोहोचला. सीमोल्लंघनाला अजून अवकाश होता. पावसानेच त्याला युद्ध जिंकून दिले असे नाही. शिंदे-भोसल्यांचे घोडदळ त्याच ऑगस्टमध्ये अजिंठ्याचा घाट चढून जालन्यापर्यंत आले होते, आणि पुढचा निकाल ठरायला इतर अनेक कारणे होती. पण युद्ध कोणत्या महिन्यात सुरू व्हावे हे त्याने ठरवले, आणि पट जसा हवा तसा त्याला मिळाला.

म्हणून आमच्या खेळात वेग निम्मा करणारा नियम नाही. फासा पडतो तो पावसासाठी, आणि तोही फक्त सह्याद्रीच्या घरांवर. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते. पैठण-जालन्याकडचा प्रदेश पर्जन्यछायेत आहे. घाटात धो धो पाऊस झाला की पैठणला आकाश कोरडे असतानाही नदी चढते. (जायकवाडीचे धरण झाल्यापासून हे दृश्य बदलले, हे मुलांना सांगावे लागते.) पाऊस एका घरात आणि पूर दुसऱ्या घरात, ही कल्पना मुलांना नकाशा नुसता वाचून येत नाही, घोडेस्वारांची सोंगटी निरभ्र आकाशाखाली काठावर अडकली की येते. पाणी चढलेली नदी होडीची सोंगटी असल्याशिवाय ओलांडायची नाही. होडीची सोंगटी मृगाआधीच बनवून घ्यायची, नंतर नाही. काळ्या मातीच्या घरात ओल असेतो तोफा हलत नाहीत, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाके धरून ठेवते. पण त्याच पावसाने गवत येते, म्हणून बैल आणि घोडे पोसले जातात. वैशाखात रस्ता मोकळा, पण चारा नाही.

होडीचा नियम किती मोलाचा, हे पुढच्याच वर्षी कंपनीलाही कळले. १८०४ च्या जुलैमध्ये कर्नल मॉन्सनची फौज होळकरांसमोरून माघार घेऊ लागली. मुकुंदऱ्याची खिंड सोडून ती आग्र्याकडे निघाली आणि पाऊस सुरू झाला. चंबळा नदी चढली, बनास चढली. तोफा चिखलात रुतल्या त्या टाकून द्याव्या लागल्या. ऑगस्टअखेर आग्र्याला पोहोचली ती मोडलेली फौज. तोच मोसमी पाऊस, तीच कंपनी, आणि घोडदळही मराठ्यांचेच. होड्या व धान्याची तजवीज नसताना ते लांब आत गेले होते, एवढाच फरक. दोन्ही मोहिमा एकाच नियमांनी खेळवाव्यात; १८०४ चा पट घेतला की आदल्या दिवशी जिंकलेला गट बहुधा हरतो.

नदीच्या उताराबद्दल एक गोष्ट इथे घालतो. २३ सप्टेंबर १८०३ ला असईजवळ केळणा नदीला जवळ उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. एवढ्या जवळच्या गावांत येजा असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. आपल्या परिसराच्या नकाशावर अशी जोडगावे शोधायला मुलांना सांगून पाहा.

खेळात एक बाजू अजून कोणीच खेळत नव्हते. १८०३ चा पाऊस पुढे अपुरा पडला, आणि त्या मुलखातून फौजांवर फौजा गेल्या होत्या. १८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ भीषण होता, आणि नगरच्या बाजूला त्याची झळ फार लागली. म्हणून आता प्रत्येक घरात बाजरीची एक सोंगटी ठेवतो. जी फौज त्या घरात मुक्काम करील तिने ती उचलायची, आणि हस्ताचा पाऊस नाही पडला तर रिकाम्या घरांत नवी ठेवायची नाही. दोन गट सैन्ये हलवतात. तिसऱ्या गटाकडे ही घरे असतात. त्यांना सोंगट्या हलवता येत नाहीत, फक्त मोजता येतात. स्वाती संपल्यावर उरलेला आकडा ते फळ्यावर लिहितात, आणि मग कोणाची बाजू जिंकली यावर वर्गात जे भांडण होते ते तास संपला तरी मिटत नाही.