हाफकिन यांची लस : सिद्धांत आणि कसोटी

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्रतिबंधक लस तयार केली. उष्णतेने मारलेले जंतू टोचल्यास शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होते, हा त्यामागील सिद्धांत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण तो उतरला. मात्र, यातून लस सोसवते एवढेच कळले. ती रोग रोखते काय, हा प्रश्न उरलाच. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना करण्यात आली. न घेतलेल्यांमध्ये लागण व मृत्यू अधिक आढळले. आधी सुरक्षितता, मग परिणामकारकता, हाच क्रम आजही नव्या लसीच्या चाचण्यांत पाळला जातो.