१११ विजय आणि चार सामने

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकन टीव्हीवर बेसबॉलचे पंडित बसतात आणि यंदाचा विजेता छातीठोकपणे सांगून टाकतात. ते चुकतात याचं मला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दरवर्षी तितक्याच खात्रीने बोलण्याचं. इतिहास चाळला तर लक्षात येतं, की दोष एकट्या पंडितांचा नाही. भाकीत फसावं अशीच या खेळाची शेवटची पायरी घडत गेली आहे.

१९६८ पर्यंत मेजर लीगमध्ये आजच्यासारखे प्लेऑफ नव्हते. दोन लीग, दोघींचे अव्वल संघ, आणि त्या दोघांत थेट वर्ल्ड सिरीज. १९६९ मध्ये संघ २४ झाले, प्रत्येक लीगचे दोन विभाग पडले आणि वर्ल्ड सिरीजआधी आणखी एक फेरी आली. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सनी सगळ्यांना तोंडघशी पाडलं. हा संघ १९६२ च्या आपल्या पहिल्याच हंगामात १२० सामने हरला होता. १९६९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर होता हंगामात १०९ सामने जिंकलेला बाल्टिमोर ओरिओल्स. मेट्स पहिला सामना हरले आणि पुढचे चारही जिंकले.

ते सामने दिवसाउजेडी झाले. वर्ल्ड सिरीज टीव्हीवर १९४७ पासूनच दिसत होती. पण दुपारी माणसं कामावर आणि मुलं शाळेत असायची. १३ ऑक्टोबर १९७१ ला पिट्सबर्गमध्ये वर्ल्ड सिरीजचा पहिला रात्रीचा सामना झाला, आणि हळूहळू रात्र हीच तिची वेळ ठरली. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. त्यामुळे आपण हे सामने बघायचे ते पहिल्या चहासोबत.

मग फेऱ्या वाढत गेल्या. १९९५ पासून विभागात पहिला न आलेला संघही ‘वाइल्ड कार्ड’ने आत येऊ लागला. २०२२ पासून ३० पैकी १२ संघ प्लेऑफ खेळतात. टीव्हीला दाखवायला जास्त रात्री मिळाल्या, आणि चांगल्या संघाला घसरायला जास्त जागा.

थोडं गणित करू. समजा, एक संघ दुसऱ्याविरुद्ध दहापैकी सहा सामने जिंकेल इतका सरस आहे. बेसबॉलमध्ये हा फरक मोठा मानतात. तरीही पाच सामन्यांची मालिका तो जिंकण्याची शक्यता ६८ टक्के. सात सामन्यांची असेल तर ७१. म्हणजे सरस संघ तीनातल्या जवळपास एका मालिकेत हरणारच!

२०२२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी १६२ पैकी १११ सामने जिंकले. मग ८९ विजयांच्या सॅन डिएगो पाद्रेसनी त्यांना चार सामन्यांत ३-१ असं घरी पाठवलं. २००१ मध्ये ११६ सामने जिंकलेले सिअ‍ॅटल मरिनर्स तर वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोचले नाहीत.

सहा महिन्यांची मेहनत चार सामन्यांत पुसली जाणं मला अन्यायाचंच वाटतं. सर्वोत्तम संघ कोणता, हे सांगायला १६२ सामन्यांइतका चांगला साक्षीदार नाही. ऑक्टोबर फक्त विजेता ठरवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ‘बघा, शेवटी दम नव्हता’ म्हणणारा पंडित नेमकी त्यांचीच गल्लत करतो.

म्हणून हल्ली पडद्यावर दिसणारा शक्यतेचा आकडा मला पंडितांपेक्षा प्रामाणिक वाटतो. अट एकच: ६८ वाचताना उरलेले ३२ विसरायचे नाहीत. २००४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स यँकीजविरुद्ध ०-३ असे मागे होते, आणि चौथ्या सामन्याच्या नवव्या डावातही एका धावेने पिछाडीवर. तिथून त्यांनी सलग चार सामने जिंकले, आणि मग ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही. त्या नवव्या डावाआधी टीव्ही बंद करून झोपलेल्या माणसाचा अंदाज अजिबात वाईट नव्हता. त्याचा फक्त सामना बघायचा राहिला.