दहावीचे गुण, ७५ टक्क्यांची अट आणि भूल देणाऱ्या परिचारिका

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला दहावीपासून पुढे ७५ टक्के गुणांची अट घातली. आरडाओरडा झाला, विद्यार्थी भांडले, अट मागे गेली. पण ती सुचली कशी, हे विसरू नये. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी, म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. ही अट तेव्हा असती तर १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियात गेलेच नसते. तिथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले.

हे आता सांगण्याचे कारण म्हणजे अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करणाऱ्या आपल्या परिचारिका. अमेरिकेत विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका स्वतः भूल देतात. त्या शिक्षणासाठी अर्ज करावा असे अनेकींना वाटते, आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आठवली की त्या गप्प बसतात. त्यांनी या पेशाचा इतिहास वाचावा असे आम्हाला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे भूल देणे हे हलके काम होते. शिकाऊ डॉक्टरांवर ते सोपवले जाई, आणि त्यांचे डोळे रोग्याकडे नसत, शस्त्रक्रियेकडे असत. माणसे दगावू लागली तेव्हा शल्यविशारदांनी परिचारिका शोधल्या. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ साली १४,००० हून अधिक रोग्यांना दिलेल्या भुलीचा हिशोब छापला. भुलीमुळे झालेला मृत्यू त्यात एकही नव्हता. आता या कामाला प्रतिष्ठा आली, पैसा आला, आणि लगेच डॉक्टरांच्या संघटनांना साक्षात्कार झाला की हे परिचारिकेचे कामच नव्हे! प्रकरण कोर्टात गेले. १९१७ साली केंटकीत आणि १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल परिचारिकांच्या बाजूने लागला. काम घाणेरडे असेपर्यंत तुमचे, किफायतीचे झाले की 'पात्रता' विचारायची. ही रीत आपल्याला नवी नाही.

कोलंबियाला लागूनच हार्लेम आहे. १९५८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत एका स्त्रीने पत्रे फोडायची सुरी खुपसली, तेव्हा त्यांना हार्लेम हॉस्पिटलात आणले. शस्त्रक्रिया चालू असताना हाताने पिशवी दाबून त्यांचा श्वास चालू ठेवणाऱ्या गोल्डी ब्रँगमन या कृष्णवर्णीय परिचारिका होत्या. पुढे १९७३ साली त्या अमेरिकेतील भूल-परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा झाल्या.

आता गुणांचे गणित. तिकडे सरासरी चारपैकी मोजतात आणि बहुतेक ठिकाणी किमान ३.० मागतात. समजा, पहिल्या ६० श्रेयांकांत तुमची सरासरी २.० होती, घरी वीज नव्हती, इंग्रजी कळत नव्हते, वसतिगृह उशिरा मिळाले. पुढच्या ६० मध्ये तुम्ही ३.८ काढलेत. एकूण सरासरी २.९. दार ०.१ ने बंद. वयाच्या अठराव्या वर्षीची परिस्थिती तिशीतल्या बाईच्या अर्जावर बसून राहते, याला आम्ही गुणवत्ता म्हणत नाही.

पण सगळीच दारे अशी नाहीत. काही संस्था शेवटचे ६० श्रेयांक वेगळे पाहतात, काही विज्ञान विषयांचे गुण वेगळे काढतात, काही रसायनशास्त्रासारखा विषय पुन्हा देऊन मिळवलेले गुण धरतात. अर्जाचे शुल्क भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. जुनी गुणपत्रिका लपवता येत नाही, सगळ्या मागवतात. तेव्हा निवेदनात त्या वर्षांबद्दल तीन-चार सरळ वाक्ये लिहा आणि पुढच्या गुणांकडे वळा, रडगाणे नको. परिचारिका परवान्याची तिथली परीक्षा आणि अतिदक्षतेतला किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच. २०२२ पासून प्रवेश थेट डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाला मिळतो, साधारण तीन वर्षे पूर्णवेळ. या काळात नोकरी जवळजवळ अशक्य, म्हणून शिष्यवृत्तीच्या अटी आधी वाचा. आणि ७५ टक्क्यांसारखी अट पुन्हा कुठल्या शासन निर्णयात डोकावली, तर तो कागद त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा.