परदेशातून घरी फोन : कमी पैशात बोलायचं कसं?

नंदुरबार : पोरगं परदेशात कामाला किंवा शिकायला गेलं की घरच्यांचा सगळा जीव मोबाईलमध्ये अडकतो. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर आई रात्री नीट जेवत नाही. तिकडे त्याचीही तीच गत असते. नव्या देशात पहिला पगार हातात पडायच्या आधीच मोबाईलवर किती पैसे उडाले, हे लक्षात येत नाही.

एकेकाळी परदेशी फोन म्हटला की पिवळ्या पाटीचं एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ. काचेच्या खोलीत उभं राहायचं, डोळे मीटरवर ठेवायचे आणि दोन मिनिटांत उरकायचं. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि व्हॉट्सॲप कॉल घराघरात पोहोचला. तरीही अनेकांचे पैसे आजही वाया जातात. कारण तीन गोष्टी आधी पाहिल्या जात नाहीत : त्या देशाचा नियम काय, फोन कुणी कुणाला करायचा, आणि आपल्या गावात रेंज कशी आहे.

आधी देशाचा नियम बघा

व्हॉट्सॲप कॉल सगळ्या देशांत लागत नाही. दुबई, अबुधाबी, शारजा ही शहरं ज्या देशात आहेत त्या संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो आणि आवाजी मेसेज जातात, पण कॉल अडवले जातात. त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर पोरगा फोन लावत बसतो आणि घरचे 'काही झालं की काय' म्हणून घाबरतात. तिथे सरकारने परवानगी दिलेली ॲप वेगळी आहेत. बोटिम, गोचॅट, तसंच गूगल मीट, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांची नावं त्या यादीत आहेत. झूमवर फुकट मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते, पुन्हा जोडावी लागते. घरच्यांशी बोलायला तेवढी पुरे.

सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, पण व्हॉट्सॲपचे कॉल त्यानंतरही तिथे बराच काळ लागत नव्हते. ओमान आणि कतारमध्येही अडचण येते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे असा अडथळा नाही. नियम बदलत राहतात, म्हणून आधीच तिथे असलेल्या गावकऱ्याला किंवा मित्राला विचारून घ्यावं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 'व्हीपीएन टाक, सगळं चालतं' असा सल्ला देणारे खूप भेटतील. अमिरातीत व्हीपीएनचा गैरवापर करून गुन्हा केला किंवा लपवला तर सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. फुकट कॉलसाठी नोकरी धोक्यात घालू नये.

फोन कुणी करायचा?

घरात स्मार्टफोन आणि नेट असेल तर ॲपवरून बोलणं सर्वात स्वस्त. दोन्हीकडे एकच ॲप हवं. पैसे फक्त नेटचे लागतात. तिकडे खोलीवर किंवा कंपनीच्या कॅम्पवर वाय-फाय असेल तर तेही नाही.

घरात साधा बटणाचा फोन असेल तर ॲप चालणार नाही. अशा वेळी फोन परदेशातून यायला हवा. भारतात बसून येणारा फोन उचलायला पैसे पडत नाहीत. तिकडच्या मोबाईल कंपन्या खास भारतासाठी मिनिटांचे पॅक विकतात. ब्रिटनमध्ये लेबारा, लायका अशा कंपन्यांचा भरच परदेशी कॉलिंगच्या सिमवर आहे. पॅक न घेता थेट नंबर फिरवला तर तेच बोलणं कितीतरी महाग पडतं. म्हणून आधी पॅक, मग फोन.

इकडून फोन करायचाच असेल तर आपल्या कंपनीच्या ॲपमध्ये किंवा रिचार्जच्या दुकानात 'आयएसडी पॅक' विचारा. आपल्या रोजच्या 'अनलिमिटेड' रिचार्जमध्ये परदेशी कॉल येत नाहीत. पॅक कोणत्या देशाला चालतो आणि किती दिवस, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पूर्वी पैसे भरून स्काइपवरून साध्या फोनवर कॉल करणारे बरेच होते. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. आता त्या नावाने कुणी रिचार्ज मागत असेल तर ती फसवणूक समजा.

भारतातलं सिम चालू ठेवा, पण रोमिंगपासून सावध

बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम बंद पडू देऊ नये. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. खात्यात किमान २० रुपये बॅलन्स असेल तर तो कापून मुदत वाढते, असा ट्रायचा नियम आहे. तरी निघण्याआधी कंपनीकडून खात्री करून घ्यावी आणि रोमिंग कसं चालू होतं तेही विचारावं.

इथे मोठी चूक होते. गावातून कुणी त्याच्या भारतातल्या नंबरवर फोन लावला आणि त्याने तिकडे उचलला, तर रोमिंगचे पैसे त्याला पडतात. येणारा फोन फुकट, हे भारतात बसलेल्या माणसासाठी. म्हणून घरच्यांना बजावून सांगा : 'जुन्या नंबरवर फोन लावू नका.' मोबाईलच्या सेटिंगमध्ये त्या सिमचा 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. तिकडचं सिम नेटला वापरा. व्हॉट्सॲप मात्र जुन्याच नंबरवर चालू ठेवता येतं, नवीन सिम टाकलं म्हणून ते बदलावं लागत नाही.

रेंज नसेल तर आवाजी मेसेज

धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागात टेकडीवर चढून रेंज शोधावी लागते, हे जिल्ह्याला नवीन नाही. फोर-जी न पोहोचलेल्या देशभरातल्या २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये योजना मंजूर केली. पण टॉवर उभा राहून रेंज घरात येईपर्यंत काहीतरी तोडगा हवाच.

व्हॉट्सॲपचा आवाजी मेसेज हा तो तोडगा. तो अमिरातीतही चालतो. रेंज नसेल तर मोबाईलमध्ये थांबून राहतो आणि टेकडीवर गेल्यावर जातो. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं. पावरी, मावची, भिली, अहिराणी, गुजरी, ज्या बोलीत बोलायचं त्या बोलीत बोला. आजीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकता येतो, तो भाग वेगळाच.

नेट कमी असेल तर व्हिडिओ बंद ठेवा. आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओला त्याच्या कित्येक पट. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' इथे कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे. ती चालू केली की आवाजही कमी तुटतो.

नंबर कसा सेव्ह करायचा?

परदेशातून भारतात फोन करताना +९१ आणि पुढे दहा आकडे. नंदुरबारचा लँडलाइन असेल तर ०२५६४ मधला पहिला शून्य काढून +९१ २५६४ आणि पुढे नंबर.

अमिरातीतला मोबाईल नंबर तिकडे ०५ ने सुरू होतो. तो तसाच सेव्ह केला तर व्हॉट्सॲपवर दिसतच नाही. शून्य काढून +९७१ ५ असा सेव्ह करा. बाकी देशांचे कोड : सौदी +९६६, कतार +९७४, कुवेत +९६५, ओमान +९६८, बहरीन +९७३, ब्रिटन +४४, अमेरिका आणि कॅनडा +१.

वेळ ठरवा

अमिराती आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे. सौदी, कतार, कुवेत, बहरीन अडीच तास मागे. म्हणजे सौदीत संध्याकाळी ६ वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. ब्रिटन हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. ठरलेली वेळ असली की उगाच मिस कॉल जात नाहीत आणि टेकडी चढायची फेरीही वाया जात नाही.

अनोळखी परदेशी मिस कॉल आला तर

उलटा फोन करू नका. रिकाम्या रिंगचेही आयएसडी दराने पैसे कापले जाऊ शकतात. आपला माणूस ज्या देशात आहे त्याचा कोड घरातल्या सगळ्यांना माहीत असावा. 'मी तुमचाच मुलगा, नंबर बदलला, पैसे पाठवा' असा मेसेज आला तर आधी आवाज ऐका, जुन्या नंबरवरून खात्री करा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर उत्तमच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. संशयास्पद कॉलची तक्रार 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' या सोयीतून करता येते.

फोनच बंद झाला तर

कधी फोन येणंच थांबतं. मालकाने मोबाईल काढून घेतला असेल, आजारपण असेल, पगार अडकला असेल. अशा वेळी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या मागे फिरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे. अमिरातीत असलेल्यांना ८०० ४६३४२ वर फुकट फोन करता येतो. तक्रार करताना पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव आणि राहण्याचा पत्ता लागतो.

म्हणून जाणाऱ्याने निघण्याच्या आदल्या दिवशी एवढं करावं : पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स घरी ठेवावी, कंपनीचा पत्ता आणि सोबतच्या एका माणसाचा नंबर वहीत लिहून द्यावा, आईच्या किंवा घरातल्या कुणाच्या मोबाईलमध्ये त्या देशात चालणारं ॲप टाकून एकदा कॉल लावून दाखवावा. विमानात बसल्यावर हे काही करता येत नाही.