बंद मुशीतले पोलाद

उसाचा हंगाम तोंडावर आला की पाथर्डी-शेवगावकडच्या आठवडे बाजारांत घिसाड्यांच्या भात्यांना उसंत नसते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल होतो. घिसाडी तो सांडशीने ऐरणीवर धरतो, त्याची कारभारीण घण घालते आणि बघता बघता ऊसतोडीचा कोयता आकाराला येतो.

अशाच एका पालाशेजारी मागे मला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी भेटला. त्याला ‘दमास्कस’ पोलादाची सुरी करायची हौस. लोखंडी चौकोनी नळीच्या डब्यात पोलादाची पूड आणि निकेलयुक्त पोलादाचे तुकडे भरायचे, दोन्ही तोंडे वेल्डिंगने बंद करायची आणि तापवून ठोकायचे, म्हणजे आतले सारे एकजीव होते. त्याने तसे केले, ठोकळा कापला, तर मधून पूड सांडली! घिसाडीणबाईंनी तो ठोकळा हातात घेऊन एवढेच विचारले की, वरचा रंग बघून बाहेर काढलास की आतला?

प्रश्न मोठा नेमका होता. त्याचे उत्तर शोधत गेलो तर इतिहासात थेट दोनशे-सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

भट्टीचे काम नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवे नाही. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये, निजामशाहीत, इथेच ओतली गेली. पण ती काशाची. तलवारीच्या पोलादाची विद्या निराळी, आणि दख्खनमध्ये तिचे नाव गाजले ते तेलंगणातल्या कोनसमुद्रम्‌सारख्या गावांमुळे. तिथे मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे भरून तोंड मातीने लिंपत, तासन्‌तास तापवत आणि हळूहळू निवू देत. आत कर्बाने समृद्ध पोलादाची वडी तयार होई. डॉ. व्हॉयसी यांनी केलेले या उद्योगाचे वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. त्यात इस्फहानचे व्यापारी या वड्या घ्यायला येत, असा उल्लेख आहे. इराणात आणि सीरियात त्यांच्या तलवारी होत. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे, तिला ‘जौहर’ म्हणत. युरोपने नाव दिले ‘दमास्कस’.

१७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे, म्हणजे ‘वूट्झ’चे, नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. पुढे जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर मायकेल फॅरेडे याच पोलादाच्या मागे लागले. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा, हे विसरू नये. युरोपातल्या लोहारांची मात्र अडचण झाली. सवयीप्रमाणे पांढरे होईपर्यंत तापवून घण घातला की वडीचे तुकडे! हिच्यात कर्ब सुमारे दीड टक्का, त्यामुळे ती साध्या लोखंडापेक्षा कमी उष्णतेलाच आतून वितळू लागते. लालसर उष्णतेवर, हलक्या हाताने, अनेकदा तापवून ती ठोकावी लागते. वडी हळू निवताना आणि अशा ठोकणीत कर्बाचे कण ओळींनी मांडले जातात, तीच नक्षी. व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी सूक्ष्म अंश त्याला कारण असतो, हे १९९० च्या दशकात अमेरिकेत व्हरहोव्हेन आणि पेंड्रे यांनी दाखवले.

आमच्या विद्यार्थ्याने हेच कुठेतरी वाचले होते आणि डबाही लालसरच ठोकला होता! नाव एक, पण वस्तू दोन. मुशीतले पोलाद वितळून झालेले असते, डब्यातल्या कणांना अजून एकमेकांशी जुळायचे असते. त्याला उजळ पिवळा रंग हवा. शिवाय पुडीतून उष्णता सावकाश जाते. साल पिवळी झाली तरी गाभा मागेच राहतो, म्हणून रंग आल्यावरही डबा भट्टीत मुरू द्यायचा. पूड ठोकून दाबून भरायची, नाहीतर पोकळी राहते. पहिले घाव हलके आणि चारही बाजूंनी, कोपरे काटकोनात ठेवून. चौकोन कलंडला की आतला जोड फाटतो. रंग उतरला की हात थांबवायचा. डब्याची साल पुढे सुटून यावी म्हणून आतून खोडरंगाचा पातळ थर देतात. तो पूर्ण वाळलेला हवा. ओल राहून तोंड बंद झाले तर वाफेने डबा फुटतो. मला तरी सगळ्यात धास्ती याचीच वाटते.

दुसऱ्या खेपेला त्याने डबा बराच वेळ मुरवला. साल घासून काढली, पाते घडवले, पाणी दिले आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले. निकेलचा भाग चकचकीत राहिला, बाकीचा काळवंडला, नक्षी उमटली. तो ते घेऊन पुन्हा बाजारात गेला. बाईंनी पाते उलटसुलट करून पाहिले, नखावर धार तपासली आणि मूठ कसल्या लाकडाची बसवणार, असे विचारले.